ई २२० (डब्ल्यू १२४, १९९६): वर्षभरात विकायची आहे, आधी पैसे कुठे घालू?

प्रश्न: पाचवा_गिअर

गाडी मर्सिडीज ई २२०, डब्ल्यू १२४ मालिकेतली, १९९६ची, पिंपरीत जोडलेली. एम १११ पेट्रोल इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, एमएच १२ पासिंग. मीटरवर १,३८,००० किमी. आरसीची मुदत याच वर्षी संपते आहे. वर्षभरात विकायचा विचार आहे, पण चांगली झाली तर ठेवेनही.

तक्रारी अशा:

इंजिन थंड असताना ठीक चालतं. अर्धा तास चालवून सिग्नलला थांबलं की आरपीएम वरखाली होतो, कधी बंद पडतं, पाच मिनिटांनी परत चालू. डीमध्ये (ड्राइव्हला) टाकताना गाडीखाली मध्यावर 'ठक' आवाज. इंजिनच्या हेडच्या (वरच्या भागाच्या) मागच्या कोपऱ्याला तेलाचा ओलावा. एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावा लागतो. सरळ रस्त्यावर स्टेअरिंगला दोन बोटं मोकळीक.

गॅरेजवाल्याचं म्हणणं: एअर मास सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बदला, हेड उतरवून पॅकिंग टाका, स्टेअरिंग बॉक्स आवळून देतो. तिन्ही एकदम करायची माझी ऐपत नाही. क्रम काय लावू? आणि विकायची झाली तर किंमत कशी ठरवायची, कागद कोणते लागतील?

---

तेलकट_बोटं

एअर मास सेन्सरची ऑर्डर दिली असेल तर आधी थांबवा. १९९२ ते १९९५-९६ या काळातल्या डब्ल्यू १२४च्या इंजिन वायरिंगचं वरचं आवरण अशा प्लास्टिकचं होतं की उष्णतेने ते कडक होतं आणि पापडासारखं तुटतं. उघड्या तारा एकमेकींना किंवा इंजिनला टेकल्या की सेन्सरचे आकडे चुकायला लागतात. 'थंड असताना ठीक, गरम झाल्यावर बिघाड, थोडं निवलं की परत ठीक' हे त्याचंच ठरलेलं लक्षण. नवा सेन्सर लावला तरी तारा त्याच राहणार.

तपासायला अर्धा तास पुरतो. इंजिन पूर्ण थंड हवं. १० नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजेक्टरच्या प्लगवरचं रबरी बूट हलक्या हाताने मागे सरकवा आणि टॉर्चने आतल्या तारा बघा. मग कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या तारा, मग हेडच्या मागून जाणारा लूम (तारांची जुडी). आवरणाला भेगा असतील, रंग विटून सगळ्या तारा सारख्याच तपकिरी दिसत असतील किंवा काळी नळी काडीसारखी कडक झाली असेल, तर हार्नेस, म्हणजे इंजिनच्या वायरिंगची ही पूर्ण जुडी, गेला. तारा वाकवून बघू नका. आज चालणारी गाडी तशाने उद्या चालू होत नाही.

हार्नेसवर छापील पट्टी असते, तिच्यावर बनवल्याची तारीख मिळते. १९९६ नंतरची तारीख असेल तर मागच्या मालकाने बदललेला आहे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. ही पट्टी शाबूत असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, विकताना कामाला येतो.

बहुतेक लोक एकच हार्नेस बघतात आणि इथे फसतात. इंजिन कंट्रोलचा मुख्य लूम वेगळा, स्टार्टर-अल्टरनेटरची जाड केबल वेगळी, आणि थ्रॉटलवरच्या अ‍ॅक्च्युएटरच्या आतली छोटी वायरिंग आणखी वेगळी. तिसरी बाहेरून दिसतच नाही. मुख्य हार्नेस नवा टाकूनही आयडलिंग (गाडी उभी असतानाचं इंजिनचं हळू फिरणं) नाचत राहिलं तर बहुधा तीच.

हे काम पुढे ढकलू नका, कारण शॉर्ट झालेली तार फक्त सेन्सरला फसवून थांबत नाही. इग्निशन कॉइलची तार चुकीच्या जागी टेकली तर इंजिनच्या कंट्रोल युनिटचा आउटपुट जळतो, आणि त्या युनिटपुढे हार्नेस स्वस्तच वाटावा.

एअर मास सेन्सरवर संशय राहिलाच तर फुकटची परीक्षा आहे. इंजिन बंद करून त्याचा प्लग काढा आणि परत चालू करा. कंट्रोल युनिट ठरीव आकड्यांवर चालायला लागतं. त्या स्थितीत इंजिन आधीपेक्षा बरं चाललं तर सेन्सर संशयित, वाईट चाललं तर सेन्सर निर्दोष धरायला हरकत नाही. त्याआधी एअर क्लीनरपासून थ्रॉटलपर्यंतचे रबरी पाइप आणि क्रँककेस ब्रीदरच्या नळ्या हाताने चाचपा. भेगेतून शिरलेली हवा सेन्सरच्या हिशेबात येत नाही आणि आयडलिंग बिघडतं. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्युम नळी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर आतला पडदा फाटलाय.

स्कॅनर घेऊन कुणी आला तर त्याला सांगा की या गाडीला ओबीडी-२ (नव्या गाड्यांतला स्कॅनरचा ठरलेला सॉकेट) नाही. कोड बॉनेटखालच्या चौकोनी सॉकेटवरून काढावे लागतात.

---

घाटमाथा

वायरिंगबद्दल वर सगळं आलंय. बाकीच्या तीन तक्रारी बघू.

तेल. हेडच्या मागच्या कोपऱ्यातून गळणं हा एम १११चा जुना आजार खरा, पण टॅपेट कव्हरचं (हेडवरच्या झाकणाचं) पॅकिंग कडक झालं की तेही तिथूनच ओघळतं. दोन्हींतला फरक खर्चाच्या मानाने जमीन-अस्मानाचा. आधी डीग्रीझरने तो भाग स्वच्छ धुवा (कॉइल आणि प्लग झाकून), टॅपेट कव्हरचं नवं पॅकिंग टाका, दोनशे किलोमीटर चालवा आणि टॉर्च मारा. वरची कड कोरडी आणि हेड-ब्लॉकच्या सांध्यावर ओल, तरच हेड पॅकिंग. तेव्हाही नुसता ओलावा असेल, कूलंट कमी होत नसेल, कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नसेल आणि ऑइल फिलरच्या झाकणाला साय धरत नसेल, तर ते काम वर्षभर थांबू शकतं. महिन्यातून एकदा डिपस्टिक बघायची, बास.

हेड उतरवलंच तर हेडचे बोल्ट ताणले जाणाऱ्या जातीचे आहेत हे मेकॅनिकला आधीच विचारा. प्रत्येकाची लांबी मोजायची, मर्यादेबाहेर गेलेले परत लावायचे नाहीत. आवळताना आधी ठरलेला टॉर्क, मग ९० अंश आणि पुन्हा ९० अंश. 'अंदाजाने टाइट करतो' म्हणणाऱ्याकडे हेड उतरवू नका. टायमिंगला चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे 'एवढ्या किमीला टायमिंग बेल्ट' ही बिलावरची ओळ दिसली तर हसून परत करा.

'ठक'. प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना रबरी डिस्क असतात, गिअरबॉक्सकडे एक आणि डिफरन्शियलकडे एक, मध्ये सेंटर बेअरिंग. डिस्कच्या बोल्टच्या भोकांभोवती भेगा पडल्या की गिअर टाकताना झटका लागतो, वेग घेताना गाडीच्या मजल्यात कंप येतो. दोन्ही डिस्क आणि बेअरिंग एकदमच बदला, मजुरी तीच आहे. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन भागांवर खूण करा, तोच कोन परत जुळला पाहिजे. मधला मोठा क्लॅम्पिंग नट आधी सैल करायचा आणि सगळ्यात शेवटी, गाडी चाकांवर उभी करून थोडी मागेपुढे ढकलल्यावर आवळायचा. तो आधीच आवळला तर शाफ्ट ताणात बसतो आणि नव्या डिस्क लवकर फाटतात.

शाफ्ट सुटलेला असतानाच गिअरबॉक्सचं माउंटिंग बघून घ्या. इंजिनची दोन माउंटिंग तेलाने भरलेली असतात. ती बसली की एसी चालू, डीमध्ये, ब्रेकवर पाय अशा स्थितीत डॅशबोर्ड थरथरतो. हा थरथराट आणि मिसफायर यांची गल्लत फार होते.

स्टेअरिंग. इथे गॅरेजवाल्याला थांबवाच. या गाडीला रॅक-पिनियन नाही, जुन्या पद्धतीचा स्टेअरिंग बॉक्स आहे, आणि त्याच्या वरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू म्हणजे मोकळीक घालवायचं बटण नव्हे. तो जास्त आवळला की स्टेअरिंग मध्यावर अडकतं, वळणावरून आपोआप सरळ येत नाही, आणि आतले गिअर घासतात. मोकळीक नव्वद टक्के वेळा बाहेर असते: आयडलर आर्मची बुश, ड्रॅग लिंक, टाय रॉडची टोकं, स्टेअरिंग डॅम्पर. एकाने गाडीत बसून स्टेअरिंग थोडं डावं-उजवं हलवायचं, दुसऱ्याने खालून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. खेळ कुठे आहे ते हाताला कळतं. सगळे सांधे घट्ट असूनही मोकळीक राहिली तरच स्क्रूकडे वळायचं, तेही चाकं सरळ ठेवून, अगदी थोडं.

सस्पेन्शनच्या कुठल्याही बुश बदलल्या तरी त्यांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. गाडीचं वजन चाकांवर आल्यावर आवळायचे. रबर पिळलेल्या अवस्थेत बसलं तर नवी बुश काही हजार किमीत फाटते आणि मग 'डुप्लिकेट पार्ट आला' अशी ओरड होते. पुढची स्प्रिंग काढायची वेळ आली तर आतून बसणारा प्लेटवाला कंप्रेसर हवा. बाहेरून आकडे लावून दाबायचा प्रयत्न केला तर स्प्रिंग निसटून माणूस जायबंदी होऊ शकतो.

---

दुपारचं_ऊन

एसी आणि कूलिंग.

दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो म्हणजे हळू गळती आहे. या गाडीत शेवटचा संशय इव्हॅपोरेटरवर (हवा गार करणाऱ्या जाळीवर) जातो, आणि तो डॅशबोर्डच्या पोटात आहे. पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दोन-तीन दिवसांचं काम. त्यामुळे आधी नायट्रोजन भरून दाब टिकतो का बघायचं, मग बाहेरचे सांधे, ओ-रिंग, कंप्रेसरचा शाफ्ट सील, कंडेन्सर. डाय टाकून निळ्या दिव्याखाली पाहिलं तर बाहेरची गळती सापडते. बाहेर काहीच नाही आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या नळीतून डाय येतोय, तर इव्हॅपोरेटर. गळती बुजवणारं रसायन टाकू नका, ते एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं आणि पुढचं काम दुप्पट होतं. गॅस १३४ए, आणि वजनावर भरायचा. नुसत्या प्रेशर गेजवर भरलेला गॅस म्हणजे अंदाजच.

रेडिएटरसमोरच्या इलेक्ट्रिक पंख्याला दोन वेग आहेत. एसीचा दाब वाढला की हळू वेग, इंजिन साधारण १०७ अंशांवर गेलं की जोरात. हळू वेगासाठी एक रेझिस्टर असतो. तो जळला की पंखा हळू चालतच नाही. ट्रॅफिकमध्ये एसी गरम हवा देतो आणि लोक परत गॅस भरतात.

थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे उघडून बघा. 'आपल्याकडे गरम हवामान, लागत नाही' म्हणून तो काढून टाकायची आपल्याकडची जुनी खोड आहे. हा थर्मोस्टॅट ८७ अंशांना उघडतो आणि उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की थोडं कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं. म्हणजे सपाटीवर इंजिन थंड राहून पेट्रोल जास्त पितं आणि घाटात उलट जास्त तापतं.

रेडिएटरच्या वरच्या होजची प्लास्टिकची मान वयाने ठिसूळ होते. तिच्यावर केसाएवढी भेग दिसली तरी रेडिएटर बदला, ती मान घाटात एकदम तुटते. कूलंट निळं, मर्सिडीजच्या ३२५.० मान्यतेचं, आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं.

---

पाचवा_गिअर

सगळ्यांचे आभार. बूट सरकवून पाहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या इंजेक्टरच्या तारा उघड्या पडल्यात, आवरणाचे तुकडे हातात आले. थर्मोस्टॅटच्या घरात थर्मोस्टॅट नाहीच! गाडी आता उभी ठेवली आहे.

दोन प्रश्न. हार्नेस नवा आणायचा की इलेक्ट्रिशियनकडून जुनाच नव्या तारांनी बांधून घ्यायचा? आणि एका ओळखीच्या मेकॅनिकने सुचवलंय की हे सगळं सोडा, डिझेल इंजिन टाकतो, झंझट मिटेल. त्यावर काय मत?

---

तेलकट_बोटं

नवा मिळत असेल तर नवाच. विकत घेताना गाडीचा चेसिस नंबर देऊन पार्ट नंबर जुळवून घ्या. सी २२०लाही एम १११च आहे आणि इंजिनचे बरेच भाग एकमेकांना चालतात, पण म्हणून तिचा हार्नेस इथे बसेल असं धरू नका. वापरलेला, 'परदेशातल्या गाडीतून काढलेला' हार्नेस तर घेऊच नका. तोही त्याच काळातला, त्याच प्लास्टिकचा.

---

घाटमाथा

इथे माझं मत थोडं वेगळं. नव्याची वाट बघण्यात महिने जाणार असतील तर बांधून घेतलेला हार्नेसही उत्तम चालतो, फक्त बांधणारा माणूस पक्का हवा. जुना हार्नेस पूर्ण बाहेर काढून टेबलावर पसरायचा, प्रत्येक फाट्याची लांबी आणि प्रत्येक पिनची जागा कागदावर उतरवायची. तारा मोटारींसाठीच्या, पातळ आवरणाच्या आणि उष्णता सोसणाऱ्या, मूळ तारेइतक्याच जाडीच्या. घरगुती वायरिंगची पीव्हीसी तार वापरली तर दोन वर्षांत परत इथेच. ज्या सेन्सरच्या तारांना जाळीचं आवरण आहे तिथे नव्या तारेलाही तसंच आवरण हवं आणि ते मूळ जागीच अर्थ झालं पाहिजे, नाहीतर इग्निशनचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो. पिना क्रिम्प करायच्या. नुसती सोल्डर केलेली पिन कंपनाने सोल्डरच्या कडेला तुटते. प्रत्येक तार मल्टिमीटरने टोकापासून टोकापर्यंत, आणि शेजारच्या तारेशी शॉर्ट नाही ना, अशी दोन्हीकडून तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका.

फक्त उघड्या दिसणाऱ्या दोन तारांना टेप गुंडाळून देणारा इलेक्ट्रिशियन भेटेल. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

डिझेलबद्दल: नको. इंजिन बदललं की इंधनाचा प्रकार आणि इंजिन नंबर आरसीवर बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी आरटीओची परवानगी लागते. ती नसेल तर मुदत वाढवताना तपासणीत गाडी अडकते, अपघात झाला तर विमा कंपनीला हात झटकायला निमित्त मिळतं, आणि या गाडीच्या शौकीन गिऱ्हाइकाच्या नजरेत तिची किंमत भंगाराच्या पातळीवर येते. मूळ इंजिन आहे म्हणूनच कुणी विचारणार आहे.

---

फॉर्म_तीस

कागदांचं सांगतो, कारण विक्री बहुतेक वेळा तिथेच अडते.

पहिलं काम आरसीचं नूतनीकरण, फॉर्म २५. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी. मुदत संपण्याच्या आधी अर्ज करा, उशीर झाला तर मोटारीला दरमहा ५०० रुपये जास्तीचे. ऑगस्ट २०२५च्या केंद्राच्या नियमबदलानंतर २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारीची नूतनीकरण फी १०,००० रुपये आहे आणि आयात केलेल्या चारचाकीची ८०,०००. म्हणून आधी आरसीवर उत्पादकाचं नाव आणि वाहनाचा प्रकार वाचा. तुमची गाडी इथे जोडलेली आहे (१९९४मध्ये टेल्कोबरोबर (आजची टाटा मोटर्स) स्थापन झालेल्या मर्सिडीजच्या भारतीय कंपनीने १९९५पासून पिंपरीत डब्ल्यू १२४ जोडायला सुरुवात केली), त्यामुळे नोंद बरोबर असेल तर आयातीची फी लागू नये. जुन्या पुस्तकी आरसीवरून संगणकावर नोंद चढवताना चुका झालेल्या असतात, त्या नूतनीकरणाच्या रांगेत उभं राहण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या. शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, चालू विमा आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाट्या. पाट्या नसतील तर पुढची कामं अडवतात.

पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर लगेच इंजिनला दोष देऊ नका. १ एप्रिल १९९५पासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची सक्ती फक्त चार महानगरांत होती आणि देशभर शिसेमुक्त पेट्रोल २०००मध्ये आलं. शिसं कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोघांनाही मारतं. तुमच्या गाडीला कन्व्हर्टर आहे का, सेन्सर जिवंत आहे का, हे हार्नेस झाल्यावर बघा, आधी नाही.

'व्हिंटेज म्हणून नोंदवू, फी वाचेल' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. व्हिंटेजची अट ५० वर्षांची आहे.

विकताना फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०. खरेदीदार दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर फॉर्म २८ची एनओसी. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा दिसत असेल, कर्ज १९९९मध्येच फिटलेलं असलं तरी, फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागणार. दिल्ली परिसरात १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं असल्याने तिकडचं गिऱ्हाईक धरू नका.

पैसे आले, चावी दिली, सह्या केलेले फॉर्म दिले, आणि खरेदीदाराने गाडी नावावर केलीच नाही, हा नेहमीचा घोळ. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून ट्रान्सफरचा अर्ज दोघांनी मिळून ऑनलाइन भरायचा, पावती तयार झाल्यावरच गाडी द्यायची. डिलिव्हरी नोटवर तारीख, वेळ, मीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या.

किंमत: जाहिरातीतले आकडे बघून ठरवू नका, ते मागणीचे असतात, मिळालेले नसतात. गिऱ्हाईक मनात हार्नेस, एसी आणि रबराचा खर्च वजा करतं, आणि नेहमी वाढवूनच करतं. यातलं जे काम बिलासह झालेलं असेल तिथे त्याचं तोंड बंद. रंगकाम मात्र करू नका. ताज्या रंगाखाली काय लपवलंय अशी शंका येते आणि खर्च निम्मासुद्धा वसूल होत नाही.

---

सेकंडहँड_चष्मा

घेणारा काय बघतो ते सांगतो, तुम्ही आधीच बघून ठेवा.

दाराखालच्या प्लास्टिकच्या पट्टीत जॅक लावायच्या जागी चार झाकणं आहेत, ती काढा. आत गंज असेल तर मागच्या सीटखाली आणि चाकांच्या कमानीतही असतोच. मुंबई-कोकणात राहिलेल्या गाडीत हे हमखास. पुढच्या काचेखाली वायपरच्या हौदात साचलेली पानं काढा. तिथली वाट तुंबली की पावसाचं पाणी ब्लोअरवर आणि पायाखालच्या गालिच्यात येतं. गालिच्याखाली जाड फोम आहे, तो महिनोन्‌महिने ओला राहतो आणि वरून कळत नाही.

सीटबेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर भागावर चिखलाची रेघ आहे का बघतात. २६ जुलै २००५च्या पुरातून आलेल्या गाड्या अजून फिरताहेत, म्हणून मुंबई पासिंगच्या गाडीला हा प्रश्न येणारच. तुमची पुरातली नसेल, तर गालिचा उचलून फोटो द्या, प्रश्नच मिटतो.

मीटरवरच्या १,३८,०००वर कुणी विश्वास ठेवणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. या गाड्यांचा ओडोमीटर आतला छोटा गिअर सरकून बंद पडतो आणि स्पीडोमीटर मात्र चालू राहतो. कित्येक गाड्या तशा वर्षानुवर्षं चालल्या आहेत. किलोमीटर लिहिलेली जुनी बिलं तारखेने लावून दिली तरच आकड्याला वजन.

गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग आणि वास हमखास बघतात. काळं, करपल्या वासाचं तेल म्हणजे आतली क्लच प्लेट. लाल आणि स्वच्छ हवं. तेल, फिल्टर आणि पॅनचं पॅकिंग ६०,००० किमीला बदलायचं असतं. टॉर्क कन्व्हर्टरलाही स्वतःचा ड्रेन प्लग आहे. इंजिन हाताने थोडं फिरवून तो खाली आणायचा, नाहीतर निम्मं जुनं तेल आतच राहतं. पातळी गरम तेलावर, पीमध्ये, इंजिन चालू ठेवून मोजायची. तेल कमी होतंय पण जमिनीवर थेंब नाही आणि सायलेन्सरमधून पांढरट धूर येतो, असं असेल तर गिअरबॉक्सवरच्या व्हॅक्युम मोड्युलेटरचा पडदा फाटलाय, इंजिन ते तेल ओढून जाळतंय. स्वस्त भाग आहे, पण तो न ओळखता लोक पिस्टन रिंगपर्यंत पोहोचतात.

---

दुपारचं_ऊन

राहून गेलं: पेट्रोल. ही गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेली नाही. इंजिन चालेल, पण तीस वर्षांचे रबरी फ्युएल होज सुजतात, मग घामेजतात. मागच्या अ‍ॅक्सलपुढे गाडीखाली पंप आणि फिल्टर शेजारी-शेजारी आहेत, तिथले आणि इंजिनवरचे छोटे होज काढून इंजेक्शनसाठीचे, 'आर ९' छापलेले होज टाका. साधे कार्ब्युरेटरवाले होज या दाबाला टिकत नाहीत. फिल्टर त्याच वेळी बदला, आणि टाकीचा गाळ आला तर दोन-तीन हजार किमीने पुन्हा एकदा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत ओल धरते आणि इथेनॉल ती ओढून घेतं.

---

पाचवा_गिअर

ठरवलं ते असं: हार्नेस बांधून घेणार, थर्मोस्टॅट आणि वरचा होज लगेच, फ्युएल होज, मग शाफ्टच्या डिस्क. टॅपेट पॅकिंग टाकून तेलाकडे लक्ष. एसीची नायट्रोजन चाचणी करून इव्हॅपोरेटर निघाला तर तो विकण्याआधी करायचा नाही, जाहिरातीत तसं लिहायचं. आरसीचा अर्ज या महिन्यात. डिस्कच्या वेळी गाडी लिफ्टवर जाईल तेव्हा खालचे फोटो काढतो. चाकं पण काढणार आहे, गाडीवर बाहेरून घेतलेले अ‍ॅलॉय आहेत, मूळ स्टीलची चाकं घरात पडून आहेत. तीच परत लावू का?

---

घाटमाथा

चाकं बदललीत तर बोल्टही बदला. स्टीलच्या चाकाचे बोल्ट आखूड असतात, अ‍ॅलॉयचे लांब. अ‍ॅलॉयचे लांब बोल्ट स्टीलच्या चाकात घातले तर टोक हबच्या पलीकडे जाऊन मागच्या चाकात हँडब्रेकच्या भागांना लागतं. आणि मर्सिडीजच्या बोल्टची बैठक गोल असते, शंकूसारखी नाही. बाजारातले शंकूवाले बोल्ट घट्ट वाटतात पण कडेवरच टेकतात आणि सैल होतात. धागा १२ बाय १.५, टॉर्क ११० न्यूटन-मीटर, ५० किमीनंतर पुन्हा एकदा पाना लावायचा. टायर १९५/६५ आर १५.

अ‍ॅलॉयवर मर्सिडीजचा ए १२४पासून सुरू होणारा नंबर ओतलेला आहे का तेवढं आतल्या बाजूने बघा. असेल तर ती बाहेरची नाहीत, विकू नका, गाडीबरोबरच द्या.